एका नाकपुडीचा सूर

“लेझरनंच ना?” आबांनी पुन्हा विचारलं.

काउंटरमागची मुलगी पुन्हा गोड हसली. “हो काका, लेझरनंच. बाहेर पाटीवर लिहिलंय ना.”

पाटीवर खरंच लिहिलं होतं : ‘लेझरने सुंदर नाक. ना सुरी, ना टाका.’ मागच्या लगनसराईत पुण्यातलं एक लग्न वाजवून परतताना आबांना ती टेम्पोतून दिसली होती, आणि ते असे ओरडले होते की चौघडा रस्त्यावर पडला असं समजून ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला होता. आता पुन्हा पुण्यात लग्न होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी. आम्ही मिरजेहून एक दिवस आधी आलो ते या दवाखान्यासाठी.

मला काही केल्या बसवत नव्हतं. गार हवेच्या त्या खोलीत मऊ सोफे होते, तरी मी उठत होतो, पाण्याच्या नळापर्यंत जात होतो, तहान नसताना पीत होतो.

“बस की रं उमा,” आबा म्हणाले. “काय बी हुत न्हाई. माझा मुतखडा ह्यानंच फोडला न्हवं? दुसऱ्या दिशी वाजवाय बसलो.”

हा मुतखडा आमच्या घरात एखाद्या पाहुण्यासारखा होऊन बसला होता. कुणाचा गुडघा दुखो, कुणाची म्हैस आजारी पडो, आबा लेझरचं नाव काढणारच. मी त्यांना चिडवायचो, “आबा, सनईची पत्ती फाटली तर लेझरनं जोडूया का?” तेही हसायचे. पण माझ्या नाकाचा विषय निघाला की ते हसत नसत.

माझं नाक वाकडं आहे. मधे उंचवटा, आणि तिथून पुढं ते जे डावीकडे वळतं ते वळलेलंच. लहानपणी मी देवळाच्या नगारखान्याच्या पायऱ्यांवरून पडलो, तेव्हा मोडलं. मला ते आठवत नाही, पण घरात सगळे असंच सांगायचे. चोवीस वर्षांचा झालो तरी त्या पायऱ्या मी भिंतीला धरून उतरायचो.

आम्ही गुरव. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, सनईत त्यांचं नाव आहे. माझे वडील एस.टी.त कंडक्टर, त्यांना घंटीपलीकडं कुठल्याच आवाजात रस नाही. आबांना मूलबाळ नव्हतं, म्हणून विद्या माझ्याकडं आली. विद्या म्हणजे सूर धरणं. सूर हे वाद्य सनईसारखंच, फक्त बोटांची भोकं बुजवलेली. त्यातून एकच स्वर निघतो आणि तो तुटू द्यायचा नसतो. सनईवाला थांबेल, घाम पुसेल, पान खाईल. सूर धरणाऱ्यानं गालात हवा साठवायची, ती तोंडानं सोडत असतानाच नाकानं नवी ओढायची, आणि बसायचं.

ते मी चोख करायचो. दुखणं वेगळंच होतं. पुण्याच्या ज्या कंपनीनं आम्हांला राजेशाही लग्नांसाठी धरलं होतं, तिच्या माणसानं मला पहिल्याच दिवशी निरखून पाहिलं आणि म्हणाला, “दादा, तुम्ही जरा फुलांच्या मागं बसाल का? व्हिडिओ शूटिंग आहे.” तेव्हापासून माझी जागा फुलांच्या स्टँडमागं. शेकडो लोकांच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी आहे. म्हणजे माझं कोपर आहे. मला आता समोर बसायचं होतं. सनई घेऊन, लोकांना तोंड दिसेल असं. त्यासाठी नाक सरळ हवं होतं, आणि तेही वाजवणं न थांबवता. काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं होतं, दोन दिवस विश्रांती, बस्स.

तिनं माझा फोटो काढून कॉम्प्युटरवर घेतला आणि दोन-चार ठिकाणी काहीतरी दाबलं. पडद्यावर माझंच तोंड होतं, पण नाक सरळ, नेटकं. त्या नाकाचा उमाकांत गुरव मला फार आवडला. त्याला कुणी फुलांमागं बसवलं नसतं.

आबा पडद्याकडं बघतच राहिले. मग उपरण्याच्या टोकानं डोळे पुसले.

“काय झालं?”

“गार हवा झोंबतीय,” ते म्हणाले.

डॉक्टर राजाध्यक्षबाई पंचेचाळिशीच्या असाव्यात. बोलणं तुटक, पण हात फार हलका. त्यांनी माझं नाक बाहेरून चाचपलं, दिवा लावून आत पाहिलं.

“कशानं मोडलं?”

“पायऱ्यांवरून पडलो,” मी म्हणालो.

“नगारखान्याच्या,” आबांनी लगेच जोड दिली. “दगडी हायत. उंच.”

“हं. एका बाजूनं जोरात लागलंय.” त्यांनी एक गार स्टीलची पट्टी माझ्या नाकाखाली आडवी धरली. “तोंड मिटा. श्वास सोडा.”

मी सोडला. पट्टी त्यांनी उजेडात धरली. तिच्यावर उजव्या बाजूला वाफेचा एक ठिपका होता. डावी बाजू लखलखीत कोरडी.

“पुन्हा सोडा.”

पुन्हा तेच.

“डावी नाकपुडी जवळजवळ बंद आहे तुमची. आतला पडदा पूर्ण वाकलाय. तुम्हांला जाणवत नाही?”

“न्हाई. मला वाटलं सगळ्यांचं असंच असतंय.”

“काय करता तुम्ही?”

मी सांगितलं. सूर म्हणजे काय, दम कसा घ्यायचा, सगळं. बाईंनी पट्टी खाली ठेवली आणि माझ्याकडं नीट पाहिलं. “म्हणजे तासन्‌तास? या एका नाकपुडीवर?”

मला जरा फुशारकी वाटली. मी आबांकडं पाहिलं, तेही खूश असतील म्हणून. आबा त्या पट्टीकडं बघत होते. त्यावरची वाफ विरत चालली होती.

“डाक्टर,” ते म्हणाले, “ते लेझरनं मोकळं करून टाका. आन वरनं सरळ करा. लगेच करा, उद्या लग्न झालं की.”

बाईंनी खुर्चीला पाठ टेकली. “काका, स्पष्ट सांगते. नाकाचा आकार लेझरनं बदलत नाही.”

“पाटीवर तर…”

“पाटी माझ्या भागीदाराची हौस आहे. लेझर म्हटलं की लोकांना धीर येतो, ते आत येतात. आत आल्यावर मी खरं सांगते. काही जण उठून जातात. लेझर आहे माझ्याकडे, पलीकडच्या खोलीत. नाकावर बारीक लाल शिरा दिसत असतील, कातडीवर डाग असेल, जुना व्रण असेल, तर लेझर मी रोज वापरते. काही ठिकाणी नाकाच्या आत वाढलेलं मांसही त्यानं कमी करतात. पण यांचा उंचवटा हाडाचा आहे, आणि वाकडेपणा हाडाचा आणि आतल्या पडद्याचा. हाड लेझरनं भाजेल. घडणार नाही.”

“पर माझा मुतखडा फोडला की हो त्यानं!”

“मुतखडा फोडून बाहेर टाकायचा असतो काका. नाक मोडून परत जागेवर बसवायचंय.”

मला हसू आलं. आबांना आलं नाही. ते खुर्चीच्या अगदी कडेवर आले होते.

“मग कशानं करनार?”

“बारीक छिन्नी असते. वरून छोटी हातोडी. पूर्ण भूल दिलेली असते, यांना काही कळणार नाही. हलके ठोके देत ठरलेल्या रेघेवर हाड सुटं करायचं, मग…”

आबा उभे राहिले. खुर्ची मागं जाऊन भिंतीवर आपटली.

“म्हंजे त्याच नाकावर पुन्यांदा मारायचं?”

बाईंच्या हातात पेन होतं, त्याचं टोपण त्यांनी हळूच लावलं. मी आबांकडं बघत होतो. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि ते माझ्याकडं सोडून सगळीकडं बघत होते.

“तुम्ही दोघं बाहेर बोलून घ्या,” बाई म्हणाल्या. “घाई काहीच नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा : आतला पडदा सरळ केला तर डावी बाजू उघडेल. नुसतं वरून बारीक करायला गेलात तर आहे तीही वाट अरुंद होऊ शकते. आणि काहीही केलं तरी फुंकणं बरेच महिने बंद.”

बसस्टॉपवर ऊन मी म्हणत होतं. आबा बाकड्याच्या एका टोकाला बसले. मी बसलो नाही.

“पुन्यांदा म्हंजे?”

“काय न्हाई. तोंडातनं गेलं.”

“आबा.”

त्यांनी उपरणं काढून मांडीवर ठेवलं, घडी घातली, मोडली, परत घातली.

“तू सा वर्साचा हुतास,” ते म्हणाले. “देवळाच्या वसरीवर बसलो हुतो. तुला पान्याचा तांब्या दिलेला आन पपईचा देठ. फुंकत ऱ्हायचं, बुडबुडं थांबाय न्हाई पायजेत.”

पपईच्या पानाचा पोकळ देठ मला आठवत होता. त्याची कडवट चवसुद्धा.

“तू थांबलास. मी सांगितलं, पुन्ना. पुन्ना थांबलास. तिसऱ्या वक्ताला तू हसलास माझ्याकडं बघून. माझ्या हातात सनई हुती.” त्यांनी घडी पुन्हा मोडली. “पितळेचं तोंड लागलं. लई रगत आलं.”

एक बस आली, थांबली, गेली. आम्हांला कुठं जायचं होतं तेच मला आठवेना.

“आन पायऱ्या?”

“पायऱ्यांवरनं कोन पडलंच न्हाई कवा.”

बिचाऱ्या पायऱ्या. इतकी वर्षं मी त्यांना भ्यालो.

“आईला ठावं हाय?”

“तिनंच उचाललं तुला.”

आणि मग मला आई दिसू लागली. आमच्याकडं धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर बोलत नाही. पदर पुढं ओढायचा, ताट सरकवायचं, पाठ फिरवायची. आई आबांशी अशीच वागायची, आणि मी ती रीतच धरून चाललो होतो. पण रीत असती तर ती आमच्या विठूतात्यांपुढंही तशीच वागली असती. तेही थोरले दीरच, चुलत का असेनात. त्यांची तर ती यथेच्छ थट्टा करायची. अठरा वर्षं ती एकाच माणसाशी बोलत नव्हती, आणि तो माणूस रोज आमच्या घरात जेवत होता.

“त्येच्यानंतर तू सूर कवाच तोडला न्हाईस,” आबा खाली बघत म्हणाले. “मी गावभर सांगायचो, उम्याचा दम बगा. मला वाटलं, विद्या लागली. तू भ्यालास म्हनून थांबत न्हाईस, हे ध्यानातच आलं न्हाई. आन आज त्या पट्टीवर…” त्यांनी बोटाचं टोक अंगठ्यानं धरून दाखवलं, एवढुसा ठिपका दाखवतात तसं.

“म्हनून तुमाला लेझर पायजे हुतं.”

“त्येच्यात मारत न्हाईत की रं.”

मला भयंकर राग आला. तो कुठं ठेवावा हे कळेना. मी चालायला लागलो, आणि आबा मागून येत आहेत की नाही हे न बघता थेट लग्नाच्या कार्यालयापर्यंत चालत गेलो. ते आले. रात्री आम्ही एकाच खोलीत एकमेकांकडं पाठ करून पडलो.

सकाळी कंपनीचा माणूस हजर होता. फेटे बांधून झाले. निशिगंध आणि ग्लॅडिओलाचा स्टँड त्यानं स्वतः सरकवून माझ्यापुढं आणला, वाकून अंदाज घेतला, आणखी वीतभर सरकवला. “परफेक्ट,” म्हणाला. मी फुलांच्या देठांमधून आबांच्या पाठीकडं बघत होतो. शेजारी रावजी चौघड्याची दोरी ताणत होता.

मी सूर धरला. आबांनी तोडी सुरू केली.

त्यांचा हात सुरेख होता, हे मी रागातही नाकारू शकत नाही. कोमल रिषभावर ते असे रेंगाळत की सनईला पाय फुटून ती मांडवात हिंडतेय असं वाटे. आणि त्या सगळ्याखाली माझा सूर होता. गाल फुगलेले, उजव्या नाकपुडीनं ओढ, सोड, ओढ. पहिल्यांदाच मी ते मोजूनमापून बघत होतो. डावीकडं काहीच येत नव्हतं. इतकी वर्षं ज्याला मी माझी कमाई समजत होतो, ती काय होती? एक सहा वर्षांचा पोरगा, पुन्हा मार बसू नये म्हणून फुंकत बसलेला. आणि त्याच्यापुढं फुलं ठेवलेली, कारण मार बसल्याची खूण चांगली दिसत नाही.

मी सूर तोंडातून काढला.

चुकून नाही. मुद्दाम काढला आणि मांडीवर ठेवला.

मांडवात कुणाच्या काही लक्षात आलं नाही. कुणी भटजींना चहा विचारत होतं, कुणी वरमाईसाठी खुर्ची आणत होतं. रावजीचा हात तेवढा चुकला. आबांची सनई एकटी पडली. दोन-तीन स्वर ती तशीच उघडी पुढं गेली, मग वाकली, आणि थांबली.

आणि मी डोळे मिटले. माझी मान खांद्यांत गेली, हात तोंडापुढं आला. चोवीस वर्षांचा दांडगा बाप्या मी, आणि फुलांमागं मार चुकवायला अंग चोरून बसलो होतो. मला ती वसरी आठवत नव्हती, तो तांब्या नीट आठवत नव्हता. माझ्या अंगाला मात्र सगळं पाठ होतं.

स्टँड सरकल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले तर आबा समोर उकिडवे बसले होते. माझा वर गेलेला हात ते बघत होते. त्यांना कळलं होतं. त्यांनी तो हात धरून खाली घेतला आणि त्यात आपली सनई ठेवली.

“दम घे,” ते म्हणाले.

माझी बोटं सनईवर मिटली.

“घे सावकाश. तवर सूर मी धरतो.”

त्यांनी माझ्या मांडीवरून सूर उचलला, मला दंडाला धरून पुढं बसवलं, आणि स्वतः माझ्या जागेवर, फुलांच्या मागं जाऊन बसले. सनईतलं एवढ्या नावाचं माणूस सूर धरायला बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. रावजी तर आ वासून बघत होता. कंपनीचा माणूस धावत आला. “काका, काका, तुम्ही पुढं हवे! शूटिंग चालू आहे!” पण आबांच्या तोंडात सूर होता. सूर धरणाऱ्याला बोलता येत नाही. त्यांनी नुसते डोळे वटारले, आणि तो गेला.

सूर आधी थरथरला. वय झालं होतं त्यांचं. मग बसला, आणि बसला तो हललाच नाही.

मी दम घेतला. हवा तेवढा, उजव्या बाजूनं. घाई नव्हती. मग त्यांनी जिथं तोडी सोडली होती तिथूनच मी ती उचलली. मी काही त्यांच्याइतकं वाजवलं नाही, तो कोमल रिषभ तर मला अजूनही तसा लागत नाही. पण मधे दोनदा मी थांबलो, श्वास घेतला, आणि दोन्ही वेळा आबांचा सूर खालून चालूच होता.

पुढच्या पावसाळ्यात, लग्नं नसतात तेव्हा, राजाध्यक्षबाईंकडूनच मी आतला पडदा सरळ करून घेतला. सुरी होती, छिन्नी होती, टाकेही होते. आबा बाहेर कानांत बोटं घालून बसले होते, असं ती काउंटरवरची मुलगी सांगत होती. बाहेरचा उंचवटा मी तसाच ठेवला. बाईंनी दोनदा विचारलं, मी दोनदा नको म्हणालो. गावी परतल्यावर दिवाळीपर्यंत सनईला हात लावला नाही, आणि मग देवळात पहिल्यांदा दोन्ही नाकपुड्यांनी हवा आत घेतली तेव्हा मला चक्क घेरी आली.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं. त्या लग्नातला एक फोटो मुलीच्या वडिलांनी हौसेनं पाठवला होता. तो आला त्या दुपारी आबा आमच्या सोप्यात जेवत होते. आईनं माझ्या हातातून फोटो घेतला. त्यात मी समोर आहे, फेट्यात, गाल फुगलेले, नाक जसं आहे तसं. आणि बाजूला निशिगंधाच्या मागून एक कोपर दिसतंय.

“हे कुनाचं?” आईनं कोपरावर बोट ठेवलं.

“आबांचं. सूर त्यांनी धरलाय.”

तिनं फोटो बराच वेळ धरून ठेवला. मग तो फळीवर ठेवला आणि भाकरीची दुरडी घेऊन सोप्यात गेली. मला वाटलं, नेहमीसारखी दुरडी सरकवून वळेल. ती वळली नाही.

“भावजी,” ती म्हणाली, “भाकरी वाढू?”

आबांनी वर पाहिलं. त्यांनी ताट पुढं केलं.